मैदानाकडे पाठ

मैदानाकडे पाठ करून सामना पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

रोह्यातले मैदान, माघातला शनिवार, दिवेलागणीच्या आधीची वेळ. आत कबड्डीचा सामना रंगात आलेला असे. बाहेर, कनातीपासून थोड्या अंतरावर, एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ आकाशाकडे पाहत उभे असत. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर काळी गोल टोपी, हातात घडी घातलेला रुमाल. आतून आरोळी उठली की रुमालाची घडी उलगडे. शांतता पसरली की ती पुन्हा घातली जाई. मान मात्र वळत नसे. आकाशात तीन तारे स्पष्ट दिसले की ते वळत, जवळजवळ धावतच आत शिरत, आणि बाकांवरची मंडळी एका सुरात ओरडत, "तारे निघाले, काका आले!"

हे एलिजाकाका. पेणला त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते आणि दुकानामागची खोली मी भाड्याने घेतली होती. मी तिथल्या शाळेत गणित शिकवीत असे. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणात शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावोगावी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घाणे गेले, शनिवार राहिला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत काका दुकान उघडत नसत, गाडीत बसत नसत, दिवा लावत नसत, काही लिहीत नसत. खेळ पाहायचा नाही, ही त्यांच्या वडिलांनी घातलेली जादा अट. "वडील म्हणायचे, डोळ्यांनाही सुट्टी दे. कानांचं ते काही बोलले नाहीत," असे काका सांगत. त्या सवलतीचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

बायको वारली होती. दोन्ही मुली, बहीण, चुलतभाऊ सगळे इस्रायलला गेले होते. रविवारी सकाळी थोरल्या मुलीचा फोन शेजारच्या एसटीडी बूथवर येई. ती दर वेळी एकच विचारी, आणि काका दर वेळी एकच उत्तर देत, "उधाण एकदा चषक जिंकू दे, की निघालोच."

मुलगी भोळी नव्हती. चषक जिंकण्याची उधाणची परिस्थिती राहिलेली नाही, हे तिलाही ठाऊक होते.

उधाण क्रीडा मंडळ हा पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावचा संघ. खेळाडू बहुतेक मिठागरावर राबणाऱ्या घरांतले. काकांच्या आजोबांचा घाणा त्याच गावात होता, एवढा धागा निमित्ताला पुरेसा होता. पण खरे कारण त्यांनी मला एकदा सोल्डरिंगचा धूर फुंकत सांगितले. "मास्तर, आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पेण-रोहा मिळून दहा जमेनात. कबड्डीला सातच लागतात. म्हणून मी सातांच्या मागे लागलो."

आता ते सातही फुटू लागले होते. नव्वदच्या त्या दशकात नागोठण्याकडे, रोह्याकडे कारखाने उभे राहिले होते आणि कारखान्यांना कबड्डीचे संघ हवे असत. चांगला खेळाडू दिसला की कंपनी त्याला नोकरी देई. मग तो कंपनीच्या गणवेशात खेळे आणि गावाच्या संघात त्याचा धाकटा भाऊ उभा राही. दोन-तीन हंगामांत उधाणची चांगली माणसे अशी एकेक करून गेली. राहिला होता नामदेव, त्यांचा कप्तान आणि एकुलता एक भरवशाचा चढाईपटू. तो दम घुमवत पलीकडच्या अंगणात शिरला की काका कनातीबाहेर असले तरी श्वास रोखून धरत. तो परत मध्यरेषेला टेकला की काकांचाही श्वास सुटे.

संघ हरत असे, आणि तो का हरला यावर काकांचे एक ठाम मत असे: डावा कोपरा. कबड्डीत सात जणांच्या साखळीची दोन टोके म्हणजे दोन कोपरे. चढाईवाल्याचा पाय तिथेच पकडायचा असतो. उधाणचा डावा कोपरा चढाई आली की मागे सरके. काकांनी हे इतक्यांदा सांगितले की पेणच्या बाजारपेठेत तो शब्द रूढ झाला. कुणाच्या छपरातून पाणी गळाले, कुणाचा मुलगा दहावीत अडकला, तरी लोक म्हणत, "डावा कोपरा!" हरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातून एकही रेडिओ दुरुस्त होत नसे. गिऱ्हाईकही ओळखून असे.

"काका, झाला का माझा सेट?"

"नाही झाला."

"परवापासून टेबलावर तसाच हाय."

"परवा लोण बसला आमच्यावर, सातही गडी बाद. दोन वेळा. तुझ्या सेटचं काय घेऊन बसलास?"

"मग जिंकल्यावर येऊ? म्हंजी पुढल्या जन्मी?"

काका हसत नसत. रुमालाची घडी घालत म्हणत, "संघ बुडाला म्हणून माणूस बुडत नाही रे. पण पाय ओले राहतात."

त्यांच्या कानांबद्दल सांगितले पाहिजे. रोह्याला स्पर्धा असली की ते शुक्रवारी दुपारीच एसटीने जात आणि बहिणीच्या बंद घरात राहत. किल्ली त्यांच्याकडे होती. शनिवारी तिथून चालत मैदानावर येत. मी सकाळची शाळा आटोपून दुपारच्या गाडीने पोहोचे. एकदा काही मंडळींनी पैज लावली. काकांनी पाठ करून उभे राहायचे आणि आत काय चालले आहे ते सांगायचे. काका सांगू लागले: "आता चढाई त्यांची... दोघं मागे गेले... पकड! नाही, सुटला, मध्यरेषेला हात लागला." कनातीच्या फटीतून पाहणारा मान हलवत होता. सगळे बरोबर. कसे, म्हणून विचारले तेव्हा त्यांनी मला शिकवल्यासारखे समजावले. पकड पक्की झाली की आरोळी एकदम तुटते. गडी सुटला की ती वर चढते आणि मग पसरते. पंचाचा निर्णय वादाचा असला की आवाज दोन बाजूंना फाटतो. "आणि शांतता?" मी विचारले. "शांतता म्हणजे आपला गडी खेळलाच नाही," काका म्हणाले. "नुसता जाऊन आला. त्याला कोण ओरडणार?"

हे त्यांचे शेवटचे सूत्र मी तेव्हा तपासून पाहिले नाही. त्यांनीही कधी तपासले नव्हते.

ज्या शनिवारविषयी मला सांगायचे आहे, त्या दिवशी उधाणची गाठ रोह्याकडच्या एका गावाशी होती. नामदेवची बायको सुगंधा त्याच गावची. कबड्डीच्या मैदानावर हे माहीत असणे म्हणजे दारूगोळा हाती असणे. जावई सासरवाडीशी खेळायला आला की दोन्ही बाजूंचे लोक त्याला सोडत नाहीत. सासरे पहिल्या ओळीत बसलेले, मेहुणे समोर पकडीला उभे. तो खेळला तर "मेहुण्याला तुडवतोय," आणि हरला तर "आहेर करतोय." हे सारे हसण्यावारी जाते. सामना संपला की जावई त्याच घरी जेवायला जातो.

पूर्वार्धात काका नेहमीच्या जागी उभे होते. मी आत होतो, पण मागच्या रांगेत, खांबाआड. मध्यंतराच्या थोडे आधी नामदेव चढाईला गेला आणि सारे मैदान गप्प झाले. माणसांची गर्दी होऊन मला काही दिसेना. क्षणभराने तो आपल्या अंगणात परतलेला दिसला, हात छातीशी धरून. नंतर त्याने फारशी चढाई केली नाही. उत्तरार्धात तारे निघाले, काका आत आले, आणि त्यांनी जे पाहिले ते असे: नामदेव मागे उभा आहे, दुसऱ्यांना पुढे धाडतो आहे, एकदा गेला तर बोनस रेषेपर्यंतही न पोहोचता परततो आहे. त्यांनी बाहेरची शांतता आणि आतले दृश्य यांची बेरीज केली. उधाण मोठ्या फरकाने हरला.

काका संतापले होते. बाहेर पडताना ते चहाच्या टपरीजवळ उभे राहून मोठ्याने म्हणाले, "जावई आला होता सासरवाडीला! मानपान झाला, सामना आंदण दिला. मी सगळा बघितलाय. नुसता जाऊन येत होता!"

लोक हसले. कुणीतरी म्हणाले, "डावा कोपरा!" आणखी हसले. तिथे एक तरुणही चहा पीत होता. तो पेणच्या 'अंबातीर' साप्ताहिकाचा वार्ताहर होता.

बुधवारी अंक आला. त्या वर्षांत क्रिकेटमधल्या पैशांच्या कुजबुजी मोठ्या पत्रांतून वाचायला मिळू लागल्या होत्या, आणि लहान साप्ताहिकांनाही आपल्या अंगणात तसे काही सापडावे असे वाटत होते. पहिल्या पानावर मथळा होता: 'सासरवाडीला सामना आंदण?' खाली लिहिले होते की एका ज्येष्ठ, जाणकार, प्रत्यक्षदर्शी रसिकाच्या मते उधाणच्या कप्तानाने सामना मुद्दाम सोडला. नाव नव्हते, पण तो रसिक कोण हे पेणमध्ये कुणाला विचारावे लागले नसते.

काकांची पहिली प्रतिक्रिया प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. ते खूश झाले. अंक घेऊन माझ्या खोलीत आले आणि 'ज्येष्ठ, जाणकार' या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "वाचलंत? शेवटी कुणीतरी ऐकलं."

संध्याकाळी सुगंधा आली. ती दुकानाच्या पायरीवर चढली नाही. पदर कमरेला खोचून खालीच उभी राहिली.

"काका, तुमी काय बोललाव?"

"जे बघितलं ते बोललो गो. तुझ्या नवऱ्याचं वाईट नाही चिंतत मी."

"काय बघितला? ज्या टायमाला सगला मैदान गप झाला, तवा तुमी कुठं होतात?"

काकांनी रुमालाची घडी उलगडली.

"भायेर होतात. तारे मोजत. त्या टायमाला ह्यांचा खांदा सरकला. माझ्याच भावानं पकडलेलं. तो सोता रडत व्हता. ह्यांनी कुनाला सांगितला नाय. तसाच खेलले."

"का नाही सांगितलं?"

"कंपनीची चाचनी हाय ना! पुढल्या महिन्यात. नोकरीची. खांद्याचा कळला तर घेतील का कोन? वैद्यानं बसवलाय, बरा होतोय. आता तुमीच कुनाला बोलू नका." मग खालच्या आवाजात म्हणाली, "लोक काय म्हंतात ठाव हाय? एलिजाकाकानं मुद्दाम लावला. नामदेव कंपनीत गेला तर उधाण बुडंल म्हनून. मी नाय म्हंटला तसा. पन लोक म्हंतात."

ती गेल्यावर काका बराच वेळ टेबलावरच्या एका बंद रेडिओचे बटण फिरवीत बसले. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जात होता आणि आवाज येत नव्हता. मी दिवा लावला. ते म्हणाले, "शांतता दोन प्रकारची असते, मास्तर. मला एकच माहीत होती."

पुढचे आठवडे मी त्यांना जसे पाहिले तसे आधी कधी पाहिले नव्हते. हरल्यावर ते चिडत. आता चिडणे बंद झाले आणि त्या जागी एक धास्ती आली. एसटी थांबली की ते दुकानातून उठून बघत, कोण उतरले. सुगंधा येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन 'अंबातीर'च्या कार्यालयात गेले. संपादकांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे सामना सोडला नाही, असं तुमचं म्हणणं?"

"माझं काहीच म्हणणं नाही. मी बघितलंच नाही, एवढंच म्हणणं आहे."

"मग तो खेळला का नाही?"

इथे खांद्याचे नुसते एक वाक्य काकांनी बोलायचे बाकी होते. ते बोलले असते तर नामदेव चोर ठरण्यातून सुटला असता आणि अपंग ठरून नोकरीला मुकला असता. त्यांनी रुमालाची घडी केली. "ते मला विचारू नका. माझं खोटं तेवढं छापा. पूर्वार्धात मी बाहेर होतो. प्रत्यक्षदर्शी नव्हतो."

पुढच्या बुधवारी आतल्या पानावर चार ओळी आल्या. मथळा होता: 'ज्येष्ठ रसिकाचे घूमजाव'. शेवटी एक प्रश्न जोडला होता: हा दबाव कुणाचा? त्याच्या पुढच्या अंकात वाचकांची पत्रे आली. कुणी नामदेवला गावाबाहेर काढा म्हणत होता, कुणी काकांना. कुणीतरी तर शनिवारच्या ताऱ्यांवरही घसरला होता. ते पत्र काकांनी दोनदा वाचले आणि अंक व्यवस्थित घडी करून ठेवून दिला. "छापलेलं पुसता येत नाही," ते म्हणाले. "मैदानात बोललेलं मैदानातच राहतं असं मी समजत होतो."

मी वर्गात मुलांना सांगे की उत्तर चुकले तर ते खोडू नये. खाली रेघ मारून पुन्हा मांडावे. काकांनी पुन्हा मांडण्याचा प्रयत्न केला होता, आणि नवे उत्तर जुन्याहून वाईट निघाले होते.

मग एका शुक्रवारी दुपारी नामदेव स्वतः आला. शाळा लवकर सुटली होती, मी दुकानातच होतो. तो धिप्पाड माणूस दारात अंग चोरून उभा राहिला.

"काका, उद्या चाचनी हाय. नागोठन्याला. साहेबांनी माझं नाव बाजूला ठेवलाय. म्हनाले, पेपरात आलंय, वरच्यांना काय दाखवू? जो बोलला त्यानं सोताच्या हातानं लिहून दिला, तर बघू. उद्याच्या उद्या. परवा यादी वर जाते."

काकांनी घड्याळ पाहिले, मग बाहेरचे ऊन. शब्बाथ, म्हणजे त्यांचा पाळायचा शनिवार, सुरू व्हायला फार वेळ नव्हता. "काका आत्ता लिहून देतील, घेऊन जा," मी म्हणालो.

"मास्तर, नेलेला कागद नको म्हनतात. मानसानं समोर येऊन लिहायला पायजे. कुनीपन लिहून आनील म्हनाले."

काका उठले. दुकानाची फळी लावली. फडक्यात थंड पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधली. माझा मामेभाऊ नागोठण्याला राहत असे. मी शनिवारची रजा टाकली आणि आम्ही तिघे एसटीत बसलो. वडखळला गाडी खोळंबली. रस्त्यात एक ट्रक आडवा झाला होता. काका खिडकीतून मिठागरांवर उतरणाऱ्या उन्हाकडे पाहत होते आणि मिनिटामिनिटाला विचारीत होते, "सुटेल ना?" सूर्य टेकायच्या थोडे आधी आम्ही पोहोचलो. त्यांनी मामेभावाच्या ओटीवर बसून डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चालत कंपनीच्या मैदानावर गेलो. क्रीडा अधिकारी मध्यमवयीन, सभ्य गृहस्थ होते. काकांनी उभ्यानेच सांगितले. ज्येष्ठ रसिक तो मी. प्रत्यक्षदर्शी मी नव्हतो. पूर्वार्धात मैदानाकडे माझी पाठ होती.

"पाठ?" साहेबांनी चष्मा काढला. "आणि पाठ करून तुम्ही एका माणसावर आळ घेतलात?"

"हो."

"बरं. हे एवढंच लिहून द्या आणि सही करा."

"आज लिहिता येत नाही, साहेब. तारे दिसले की लगेच लिहितो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना शब्बाथ समजावून सांगितला, जमेल तितका थोडक्यात. ते म्हणाले, "मी तुमच्या श्रद्धेचा मान ठेवतो. पण आमची बस सातला सुटते. मी त्या बसने जाणार, आणि यादी माझ्याबरोबर जाणार. त्याला खेळू देतो. कागद मिळाला तर नाव घालतो."

नामदेव खेळला. काका कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांना काही सांगितले नाही, त्यांनी काही विचारले नाही. पण एका चढाईला मैदान गप्प झाले आणि त्यांचा रुमाल खाली पडला. मी वळून पाहिले. नामदेव उठत होता. दोन्ही हात शाबूत होते.

सूर्य मावळला. आकाश मोकळे होते, आणि तरीही तारे दिसेनात. कारण सांगतो. त्या भागात एका मोठ्या कारखान्याच्या उंच नळीच्या टोकावर ज्वाला जळत असे. दिवसा ती ध्यानात येत नाही. संध्याकाळी तिच्या उजेडाने अर्धे आभाळ नारिंगी होते. काका मान वर करून गरगर फिरत होते. मैदानापलीकडे कंपनीची बस येऊन उभी राहिली. लोक चढू लागले.

"काका, दिवस तर मावळला," मी म्हणालो. "आता काय फरक पडतो? मी लिहितो, तुम्ही नुसता अंगठा लावा."

"अंगठा लावला तरी लिहिणंच झालं. आणि सातवी शिकलोय हो मी!"

ते चालू लागले, ज्वालेकडे पाठ करून, नदीच्या बाजूला, जिथे अंधार होता. मी आणि नामदेव मागे. बांधावर उभे राहून त्यांनी पुन्हा वर पाहिले. एक दिसला. थोड्या वेळाने दुसरा. बसचा हॉर्न वाजला.

"काका," नामदेव म्हणाला, "झाले ना?"

"दोनच आहेत रे. दोनच."

"कोन मोजतंय काका? देवाला काय कळतंय इथून?"

"मी मोजतोय. एकदा न बघता बघितलं म्हणालो. आता पुन्हा नाही म्हणणार."

नामदेव खाली बसला. मला, गणिताच्या मास्तरला, त्या क्षणी दोन आणि तीन यांत किती अंतर असते ते कळले. मग काकांनी बोट उचलले आणि डोंगराच्या कडेवर स्थिर केले. "तो बघा. लहान आहे, पण आहे." मी पाहिले. होता. त्यांनी माझ्या पाठीवरच कागद ठेवला आणि लिहिले. प्रत्येक अक्षर मला मणक्यावर जाणवत होते. नामदेव तो कागद घेऊन धावला. त्याची तशी धाव मी मैदानावरही पाहिली नव्हती. बस हलली होती. त्याने खिडकीशी हात उंचावला, बस थांबली, आतून एक हात बाहेर आला.

काका बांधावर बसून होते. "पोहोचला?" त्यांनी विचारले.

"पोहोचला."

"मध्यरेषेला टेकला म्हणायचा," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी मोठा श्वास सोडला. मग जरा वेळाने, "उधाणचं आता काही खरं नाही."

नामदेवला नोकरी मिळाली. 'अंबातीर'ने त्याची बातमी दिली नाही. बाजारपेठेत काकांना कुणी सामन्याबद्दल विचारले तर ते आता आधी एक वाक्य जोडत: "पूर्वार्ध मी बघितला नाही, उत्तरार्धाचं सांगतो." लोकांना त्यात मजा वाटेनाशी झाली. विचारणारे कमी झाले. रविवारी फोनवर ते मुलीला अजून चषकाचेच उत्तर देत, पण आवाज पडलेला असे.

मी त्यांना शेवटचे मैदानावर पाहिले ते पुढच्या माघात, रोह्यालाच. त्यानंतर काही महिन्यांतच ते मुलीकडे गेले. चषक न जिंकताच. माघातल्या त्या शनिवारी उधाणची गाठ नामदेवच्या कंपनीशी पडली होती. उधाणच्या सातांत दोन जण शाळकरी वाटावेत असे कोवळे होते. मी थोडा वेळ आत बसलो, मग राहवेना म्हणून बाहेर आलो.

काका जुन्याच जागी उभे होते. तीच टोपी, तोच रुमाल. आत आरोळ्या उठत होत्या; काही उधाणच्या, बऱ्याचशा कंपनीच्या. ते मोठ्याने काहीच सांगत नव्हते. मग एकाएकी सारे मैदान गप्प झाले.

काकांनी माझा दंड धरला. "मास्तर, काय झालं? कुणी पडलं का?"

इतक्या वर्षांत त्यांनी आतले काही मला विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी कनातीच्या फटीतून पाहिले. "कुणी पडलं नाही, काका. नामदेव चढाईला आलाय. आपल्या अंगणात. आणि आपला डावा कोपरा या वेळी मागे सरकलेला नाही."

एका बाजूला नामदेव, दुसऱ्या बाजूला डावा कोपरा; त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. मी वर पाहिले. तिसरा तारा केव्हाच निघाला होता, चौथा, पाचवाही; काकांची नजर त्यांच्यावरच होती. मी म्हणालो, "काका, आता वळायला हरकत नाही."

"नाही हो," मान तशीच वर ठेवून ते म्हणाले, "दोनच आहेत अजून. दोनच."